राजूरचा खोटा नवस

वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा कुठंही झोपायचे. बैलगाडीवर, पंगतीत, एकदा तर न्हाव्याचा वस्तरा गालावर असताना. गाव हसायचं, मीही हसायचे. जालना जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा माझ्या लग्नाचं बघायला लागले आणि माझं हसू आटलं. पहिल्याच पाहुण्यांसमोर अण्णा हातात कपबशी धरून घोरायला लागले. चहा मुलाच्या वडलांच्या धोतरावर सांडला. "नशापाणी करतेत का?" असं कुणीतरी विचारलं आणि ते स्थळ गेलं.

दुसरं तीर्थपुरीचं आलं. मी आईला स्पष्ट सांगितलं, "अण्णा घरात असले तर मी पाहुण्यांपुढं येणार न्हाई." मग मीच अण्णांना म्हटलं, राजूरच्या गणपतीला नवस बोललेय, तो तुम्हीच आज फेडून या. नवस वगैरे काही नव्हता. देवाचं नाव पुढं करून बापाला जीपमध्ये बसवून दिलं, आणि माझी जीभ जराही अडखळली नाही. त्यांच्या जागी काका बसले. लग्न ठरलं आणि सुपारीही काकांनीच फोडली.

संध्याकाळी अण्णा पेढे घेऊन आले. पायरीवर बसून चपला काढता काढता म्हणाले, "फुटली का सुपारी?"

पाहुणे येणार हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडा घेतला.

"बराबर केलं," ते म्हणाले. "म्या असतो तर डोळा लागला असता मंग."

तेव्हाच लाज वाटायला हवी होती. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

अण्णा गेल्यावर काही वर्षांनी मीही भाजी निवडता निवडता झोपायला लागले. औरंगाबादच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली आणि चिठ्ठीच्या मागं जीभ-घशाचं चित्र काढून दाखवलं. झोपेत जीभ मागं पडते, श्वासाची वाट बंद होते, झोप सारखी मोडते. मग दिवसा माणूस बसल्या जागी पेंगतो. परदेशात छातीच्या कातडीखाली छोटं यंत्र बसवून जिभेच्या नसेला हलका करंट देऊन बघतायत, म्हणाले; आपल्याकडं ते अजून नाही, तुम्ही झोपताना हवा दाबून सोडणारा मास्क लावा.

"वडलांना होतं का असं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. ते यंत्र अण्णांना मिळालं नसतंच. पण मी त्यांना जन्मभर आळशी समजले, आणि ते बिचारे रोज श्वासासाठी झगडून उठत होते.

मास्क मला जाचायचा, मी टाळाटाळ करायचे. लेकीच्या सुपारीचे पाहुणे आले त्या दिवशी म्हटलं, "मी आत बसते." तिनं हाताला धरून मला पुढं बसवलं. आणि व्हायचं तेच झालं.

डोळे उघडले तेव्हा माझी कपबशी लेकीच्या हातात होती. ती पाहुण्यांना सांगत होती, "आईला झोपेत श्वास अडकायचा आजार आहे. दोन मिनिटं थांबू, मग सुपारी फोडा."

सगळे थांबले होते. कुणी हसत नव्हतं. मला मान वर करता येईना. अण्णांसाठी एवढंच करायचं होतं, आणि मी त्यांना राजूरला पाठवलं.