खंडेनवमीला न थांबलेले पंखे

आम्ही दिल्लीच्या कँटोन्मेंटमध्ये राहायचो तेव्हा घरात आमच्या मालकीच्या फक्त तीन काळ्या ट्रंका होत्या. पलंग सरकारी, टेबल सरकारी, छताचा पंखासुद्धा सरकारी, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. बदली झाली की अण्णा यादी हातात घेऊन एकेक नंबर वाचायचे, आई त्या वस्तूला हात लावून "आहे" म्हणायची, आणि मग आम्ही ते घर परत देऊन टाकायचो. वडील सैन्यात होते म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. अण्णांनी बावीस वर्षं भांडारात काढली. ब्लँकेटं, बूट, मच्छरदाण्या आत घेतल्या आणि बाहेर दिल्या. शिक्षण आठवी. आईचं तेवढंही नाही.

पेन्शन सुरू झाली आणि क्वार्टर सुटलं. पालमच्या बाजूला एक खोली घेतली. नळ खाली, संडास तीन बिऱ्हाडांत एक. अण्णा मानेसरला एका कारखान्याच्या गेटवर उभे राहू लागले. बावीस वर्षं हवालदारकीत गेली आणि आता ते रोज गाड्यांच्या डिक्क्या उघडून बघायचे. आई द्वारकेतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. तिथे तेव्हा एकामागून एक सोसायट्या उभ्या राहत होत्या, आणि नव्या फ्लॅटात राहायला आलेल्यांना जुन्या खोलीतले लोक लगेच दिसेनासे होत होते. तयार साड्या पोचवायला मी जायचे.

अशाच एका घरात मी पहिला कॉम्प्युटर पाहिला. बँकेतल्या एका मराठी साहेबांचं घर, मुलगा माझ्याच वयाचा. गाडी पळवायचा गेम होता. चारही बाण त्याचे, स्पेसबार माझा.

"ब्रेक तू," तो म्हणाला. "पण मी सांगेन तेव्हाच."

आतून त्याची आई ओरडली, "तिला आधी हात धुवायला सांग रे! बटणं चिकट होतात."

मी हात धुऊन आले. दोन महिने त्याच्या हुकमाने ब्रेक दाबले. एकदा वळणावर न विचारता दाबला, गाडी वाचली. त्याने माझा हात मनगटाला धरून बाजूला ठेवला, टेबलावरचा पेला सरकवावा तसा. त्या दिवशी मी ठरवलं की एक मशीन माझं असेल आणि त्याची सगळी बटणं माझी असतील. पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. गुडगावच्या एका कंपनीत पगारपत्रकं करते. गाझियाबादला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आईअण्णांना आणलं. पण फ्लॅट सगळेच घेतात. ते मशीन राहिलं होतं.

लॉकडाऊन सरत आला तेव्हा ते करायला घेतलं. पेटी, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, मेमरी, सगळं महिनामहिना थांबून निवडलं. प्रोसेसर घेताना दुकानदाराने विचारलं, "ग्राफिक्स वाला दूँ या बिना?" पडद्यावर चित्र काढायची सोय ज्याच्यात नसते तो प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो. मी शहाणपणाने म्हणाले, "बिना. कार्ड तो लेना ही है." ती माझी चूक. पडद्यावर चित्र आणणारी वेगळी ग्राफिक्स कार्डं तेव्हाच दुर्मिळ झाली होती. आज ना उद्या मिळेल म्हणत मी बसले आणि ती बाजारातून पारच उडाली. मशीन जोडून झालं, बटण दाबलं की पंखे फिरायचे, लाल दिवा लागायचा आणि पडदा काळा. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला.

"एवढं मोठं खोकं," ती म्हणायची, "आणि साध्या बातम्या लागत नाहीत?"

कार्डं गेली कुठे? त्यातली सहा आमच्याच सोसायटीत होती, तेराव्या मजल्यावर.

तिथले गृहस्थ पुण्याचे. मोठ्या पगाराची आयटीतली नोकरी, आणि आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. सगळे त्यांना सर म्हणायचे. मंडळात त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं, फक्त समजावून सांगितलं होतं. म्युच्युअल फंड समजावले, मग सूर्यनमस्कार, मग कॉइन, म्हणजे बिटकॉइनसारखं कॉम्प्युटरवरचं चलन. एका लोखंडी मांडणीवर सहा कार्डं टांगून, ती रात्रंदिवस पळवून कॉइन कमवायची खाण ते घरी चालवत होते. खाण हा शब्द ते असा उच्चारायचे की वाटावं, रोज कुदळ घेऊन उतरतात. प्रत्यक्षात उतरायचे फक्त लिफ्टने, दूध आणायला.

खंडेनवमीला त्यांनी मंडळाला घरी बोलावलं. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, ज्याचं जे हत्यार असेल त्याची. अण्णांच्या युनिटमध्ये रायफली धुऊनपुसून ओळीने मांडायचे आणि त्या दिवशी त्यांना कुणी हात लावायचं नाही. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. सरांच्या मागच्या खोलीत सहा कार्डांचे बारा पंखे घोंघावत होते. भट्टीसारखी हवा. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ताट घेऊन उभ्या.

"अहो, पाच मिनिटं तरी बंद करा. पूजा करायचीय."

"पाच मिनिटं म्हणजे पैसे आहेत ते," सर म्हणाले. "चालू राहू दे यार. देवाला चालतं."

वहिनींनी पहिल्या कार्डावर हळदकुंकवाची चिमूट सोडली. पंख्याने ती तिथल्या तिथे गिळली. दुसऱ्यावर सोडली, तीही गेली. झेंडूचं फूल ठेवलं तर पाकळ्या चिरून आत. लोक हसले, एकाने व्हिडिओ काढला. सर म्हणाले, "बघा, प्रसाद डायरेक्ट पोचतोय!"

अण्णा हसले नाहीत. "साहेब, हे मशीन नेमकं करतं काय?"

"काका, गणितं सोडवतं."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे... नेटवर्कची."

"मग त्याच्या उत्तराचं करतात काय?"

"काही नाही हो. बाकीची मशीनं तपासतात फक्त."

"अच्छा," अण्णा म्हणाले.

मी संधी साधली. माझा राग गिळून, अगदी सरळ शब्दांत विचारलं. "सर, सहातलं एक मला द्या ना. तुम्ही घेतलंत त्याच भावाला."

"कशाला? तू पण खाण काढतेस की काय?"

"गेम खेळायला."

सरांनी खोलीकडे तोंड वळवलं. "ऐकलंत? हिला गेम खेळायचाय! अगं, या वयात बायका पोरं खेळवतात." खोली हसली. मग माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखं करत म्हणाले, "राग नको मानू. पण तुम्हा लोकांचं कसं असतं, पगार आणि पेन्शन, बस. पैशाला कामाला लावायचं असतं."

"आमच्या घरी माणसंच कामाला जातात, सर," मी म्हणाले. "तशी सवय आहे."

परतताना लिफ्टमध्ये अण्णा इतकंच बोलले, "मीही बावीस वर्षं नुसतं मोजलं, पोरी. पण मोजून झालं की कुणीतरी पांघरत तरी होतं."

हिवाळा गेला. मी दर शनिवारी दुकानांना फोन करायचे. एक तर कार्ड नाही, नाहीतर असा भाव की ऐकूनच फोन ठेवावा. मग उन्हाळा आला आणि वीज जायला लागली. आमच्याकडे वीज गेली की सोसायटीचा जनरेटर आपोआप सुरू होतो आणि घरचा तोच प्रीपेड मीटर डिझेलच्या दराने पळू लागतो, साध्या विजेच्या कितीतरी पट. अडाणी माणूसही तेव्हा गीझर बंद करतो. सरांनी मात्र एक मिनिटही वाया जाऊ नये म्हणून जास्तीचा भार मंजूर करून घेतला होता आणि खाण जनरेटरवर जोडली होती. म्हणजे हे विद्वान डिझेल जाळून गणितं सोडवत होते, ज्यांची उत्तरं कुणालाच नको होती. मला ते कळलं होतं. मी सांगितलं नाही. समजावून सांगायचं काम त्यांचं होतं.

दोनदा त्यांचा मीटर संपून घरात अंधार झाला. वहिनी आईला म्हणाल्या, फ्रिजमधलं सगळं दूध नासलं. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर सरांचा संदेश आला: योग्य वेळी एक्झिट घेतली आहे, सगळी कार्डं विकली, मार्गदर्शन हवं असल्यास विचारा. खाली सात अंगठे. माझा त्यात नव्हता.

त्याच महिन्यात मला हवं होतं तेच कार्ड नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात आलंय असं कळलं. अण्णा म्हणाले, मी येतो. मला ते नको होते, खरं सांगते. आठवी शिकलेला म्हातारा तिथे काय करणार, असं माझ्या पदवीला वाटलं.

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भैया के लिए चाहिए, मैडम?"

"अपने लिए."

"अच्छा, एडिटिंग करती हैं?"

"गाड़ी चलाती हूँ."

त्याने खोकं काढलं. चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद. "सील पैक. एकदम फ्रेश. आज नहीं लिया तो शाम तक नहीं रहेगा." किती महिने मी ते चित्रात पाहिलं होतं! मी पर्समधून बँकेचं कार्ड काढलंसुद्धा.

"खोलो," अण्णा म्हणाले.

"अंकल, सील टूटा तो वापस नहीं होगा."

"बिना देखे हम दस्तखत नहीं करते."

त्यांचा आवाज गेटवरचा नव्हता, भांडारातला होता. दुकानदाराने कुरकुरत प्लास्टिक फाडलं. अण्णांनी चष्मा लावला, खोक्यावरचा नंबर बोट ठेवून वाचला, मग कार्ड उलटं करून त्याच्यावरचा वाचला. शेवटचे चार आकडे वेगळे.

"लॉट में इधर-उधर हो जाता है, अंकल."

अण्णांनी पंख्याचं पातं बोटाने फिरवलं, आत डोकावले आणि माझ्याकडे हात पुढे केला. "पिन दे." मी केसांतली पिन दिली. जाळीच्या पत्र्यांमधून त्यांनी काहीतरी खरवडून काउंटरवर काढलं. लालपिवळी, घट्ट बसलेली भुकटी, आणि एक करपलेली पाकळी. अण्णांनी बोटाला लावून हुंगली.

"हळद," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला असं हसू फुटलं की शेजारच्या दुकानातले लोक वळले.

"क्या हुआ?" दुकानदार म्हणाला.

"कुछ नहीं. इसकी पूजा हो चुकी है."

त्याला काही कळलं नाही, पण भाव उतरला. "चलो, आपके लिए कम कर देता हूँ. चलता तो मक्खन है." आणखी उतरला. खोटं बोलत नाही, माझा हात पुढे गेला होता. कार्ड तेच होतं, आणि घरी मशीन काळा पडदा घेऊन बसलं होतं.

अण्णांनी ते खोक्यात परत ठेवून झाकण लावलं. "वस्तू चालेलही. पण नंबर खोटा आहे. खोट्या नंबरावर मी कधी सही केली नाही. पैसे तुझे, तू बघ."

मी बँकेचं कार्ड पर्समध्ये ठेवलं. ज्या पंख्यांना वर्षातला एक दिवस थांबू दिलं नाही, ते घरी आणून रोज त्यांचा आवाज ऐकायचा? सरांची उष्टी खाण, तीही नवी म्हणून? नको.

वरच्या मजल्यावर दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान होतं. त्या म्हाताऱ्या माणसाकडे एकच कार्ड होतं, दोन पिढ्या मागचं. "बेटा, पुराना है," तो म्हणाला. "तीन साल चला है, एक पंखा मैंने बदला है. बड़े गेम धीमे चलेंगे. यहीं चला के देख लो." अर्धा तास चालवून पाहिलं. मूळ बिलावरचा नंबर अण्णांनी जुळवला. त्यांनी मान डोलावली आणि मी घेतलं.

सोसायटीत लिफ्टमध्ये सर भेटले. पिशवीत डोकावून म्हणाले, "हे? अरेरे, हे तर भंगार आहे. मला विचारायचं ना, माझं दिलं असतं. बरं, आता रात्रभर खाणीला लाव, तेवढाच खर्च निघेल."

"माझं मशीन रात्री झोपणार आहे," मी म्हणाले. "आणि तुमचं कार्ड पाहिलं, सर. दुकानात. नवं म्हणून विकायला ठेवलंय, वहिनींच्या हळदीकुंकवासकट."

तेराव्या मजल्यापर्यंत जायचं होतं त्यांना. ते माझ्याबरोबर अकराव्यालाच उतरले आणि जिन्याकडे वळले.

घरी कार्ड बसवायच्या आधी अण्णांनी पेटीतल्या एकेका भागाचा नंबर वाचला. आईने प्रत्येकाला बोट लावून "आहे" म्हटलं. या वेळी कुणाला काही परत द्यायचं नव्हतं. मग मी बटण दाबलं, आणि इतके महिने काळा राहिलेला पडदा उजळला.

"आलं गं चित्र," आई म्हणाली.

मी गाडीचा गेम लावला. मशीन माझ्या पैशांचं होतं, त्यातली प्रत्येक वस्तू आम्ही पारखून घेतलेली होती. गाडी मी चालवली. ब्रेकही मीच दाबला.