धक्क्याचा मान

साताऱ्याकडच्या आमच्या गावातून सांगलीला निघालो, ते नेहमीप्रमाणे ढकलत. स्टिअरिंगवर मी आणि गाडीमागे अर्धी आळी. ज्यांनी आमची गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: वडिलांनी घेतलेली, पांढरी, गोल डोळ्यांची, स्टिअरिंगलाच गिअर असलेली जुनी मोटार. दिसायला देखणी, बसायला ऐसपैस आणि सुरू व्हायला महा आढ्यताखोर. सेल मारला की घसा खाकरते आणि गप्प बसते. चार हात पाठीला लागले की मात्र कसलीच तक्रार नाही.

दोष इंजिनाचा नाही, पॉइंटचा. जुन्या गाड्यांत प्लगला ठिणगी मिळावी म्हणून धातूच्या दोन इवल्याशा टिकल्या सतत उघडझाप करत असतात. त्या जळतात, झिजतात, दमट हवेत रुसतात. मी त्या पॉलिश पेपरने इतक्या घासल्या आहेत की तेवढ्या मेहनतीत घरातली सगळी तांब्याची भांडी लख्ख झाली असती. आता या टिकल्या काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवता येतं आणि घासायचं काही उरतच नाही. ते बसवणारा मिस्त्री सांगलीत आहे असं कळलं आणि मी निघालो.

निघणं भागच होतं, कारण वहिनी. माझी पुतणी सायली हिचं लग्न तोंडावर आलं होतं. आमच्या घरची प्रत्येक लेक याच गाडीतून सासरी गेली आणि प्रत्येक वेळी मांडवापुढून गाडी ढकलावी लागली. सायलीच्या आईने, म्हणजे माझ्या वहिनींनी, कणीक मळता मळता निकाल दिला, "भावजी, सायलीच्या पाठवणीला गाडी ढकलाया लागली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देणार. पावण्यांपुढं परत शोभा नको." वहिनी बोलतात ते करतात. आमचा जुना टेबलफॅन असाच गेला, फिरत असताना.

बरोबर तात्या होते. तात्या वहिनींचे धाकटे भाऊ, म्हणजे नवरीचे मामा, फौजेतून नुकतेच सुभेदार होऊन घरी आलेले. लग्नाची हळद सांगलीच्याच पेठेतून आणायची म्हणून येतो, असं त्यांनी सांगितलं होतं. पण कराड मागे पडलं तरी हळदीचं नाव नाही. ते आपले पॉइंटची वकिली करत होते.

"पावणं, चांगलं हाय ते काढून टाकू नये."

"अहो तात्या, चांगलं कुठं आहे? बंद पडतं ना!"

"बंद पडतंय, पर धक्का दिला की चालतंय का न्हाई? मग?"

या 'मग'वर मी गिअर बदलला. पेठनाक्याला हमरस्ता सोडून आत वळलो. दोन्ही बाजूंना ऊस आणि समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्यावर गाणी इतक्या मोठ्याने चाललेली की आमचा हॉर्न आम्हालाच ऐकू येईना. आष्ट्याच्या अलीकडे मिसळ खाल्ली. तिची तर्री (रश्श्यावरचा तिखट तेलाचा तवंग) अशी जहाल की मला ठसका लागला. बाहेर आलो तर गाडीलाही लागलेला. खर्र, खर्र, आणि शांतता.

आमच्या मुलखात बंद गाडीचं बॉनेट उघडलं की जवळपासच्या सगळ्या पुरुषांना हातातली कामं सोडता येतात. एक म्हणाला पेट्रोल संपलंय, दुसरा म्हणाला जादा झालंय. मेंढरं घेऊन चाललेले एक आजोबा काठी टेकून थांबले, गाडीच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लय दमलंय ओ जनावर. इसावा द्या वाईच." तेवढ्यात तात्यांनी हुकूम सुटावा तसा आवाज काढला, सगळ्यांना गाडीमागे रांगेत उभं केलं आणि स्वतः डिकीच्या बरोब्बर मध्यभागी दोन्ही हात टेकले. गाडी सुरू झाली. तात्या धापा टाकत आत आले तेव्हा सकाळपासून पहिल्यांदाच हसत होते.

"ह्याला म्हणत्यात गाडी!"

सांगलीत शिरताना पेठेच्या आधी हळदीचा वासच आपल्यापर्यंत पोचतो. तात्यांनी दुकानादुकानांत चिमूट तळहातावर चोळून, हुंगून, नाक मुरडून अखेर एक पिशवी भरून घेतली. मी भडंग (लसूण-तिखट लावलेले चुरमुरे) घेतलं आणि मिस्त्रीकडे पोचेपर्यंत निम्मं संपवलं.

मिस्त्री मोठा हौशी माणूस. बोलल्याशिवाय त्याचा पाना फिरत नव्हता. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून त्याने जुने पॉइंट काढले, माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "शेवटचं बघून घ्या." मी बघितलं. तात्यांनी चक्क टोपी काढली. मग मिस्त्रीने त्या जागी एक चपटी डबी आणि चुंबकाची कडी बसवली, दोन वायरी कॉइलला जोडल्या, टायमिंग लावलं. इतक्या वर्षांचं दुखणं इतक्या थोडक्यात जावं याचा मला जरा अपमानच वाटला. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं.

"बॅटरी तेवढी नीट ठेवा," मिस्त्री स्टिअरिंगवर बसत म्हणाला. "आता हिला माणसाचा हात लागणार न्हाई."

सवय वाईट. तात्या हळदीची पिशवी काखेत मारून डिकीला खांदा लावून तयार उभे होते. मिस्त्रीने किल्लीला नुसता हात लावला आणि इंजिन सुरू झालं. ऐट दाखवायला त्याने गाडी तशीच सुसाट पुढे काढली. मागचा आधारच गेल्यावर तात्या पिशवीसकट पालथे पडले. पिवळा धुरळा उठला. तो खाली बसला तेव्हा सुभेदारसाहेबांना नवरीच्या आधी हळद लागलेली होती.

पेठेतून पुन्हा हळद घेऊन परतताना वाटेत रसवंतीवर थांबलो. मुद्दाम गाडी बंद केली आणि मुद्दाम सुरू केली. मला त्या आवाजाचं वेडच लागलं होतं. पिवळेधमक तात्या बाकड्यावर बसून ग्लासाकडे बघत होते.

"पावणं, थोरल्या भाचीच्या लग्नाला मला सुट्टी गावली न्हाई. आठवतंय का?"

"आठवतंय की."

"तवा गाडीला पयला हात माझ्या चुलतभावानं लावला. धक्क्याचा मान मामाचा असतोय. फोटोत तोच हाय, डिकीला हात लावून. मागनं पावण्यांनी त्याला नारळ, टावेल-टोपी केली. मी तो फोटो तिकडं बर्फात बसून बघितला." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आता ही शेवटची भाची."

मी माझा ग्लास त्यांच्या ग्लासाशेजारी ठेवला. बंद पडणाऱ्या गाडीला धक्का देता देता आमच्या घराने त्याचा मान करून टाकला होता, आणि तो मान मी सांगलीत काढून ठेवून आलो होतो. तात्यांचं मला फार वाईट वाटलं. पण ढकलली तर गाडी भंगारात. घरी पोचलो तर बायकांनी तात्यांना पाहून विचारलं, "आवं, लगीन कुणाचं?" तेही त्यांनी ऐकून घेतलं.

पाठवणीच्या वेळी मी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. आत सायली डोळे पुसत बसलेली, शेजारी जावई. मागे फेटा बांधलेले तात्या आणि सगळी भावकी हात पुढे करून उभी. बँडवाले धक्का सुरू व्हायची वाट बघत थांबलेले. गाडी गोड आवाजात चालू होती आणि कुणाला काय करावं ते समजत नव्हतं. तात्यांनी हात हळूच खाली घेतले.

वहिनींनी ते पाहिलं. त्या तरातरा माझ्या खिडकीशी आल्या, हात आत घातला, किल्ली फिरवली आणि काढूनच घेतली.

"भावजी, गाडी बंद पडली."

"अहो वहिनी, भंगार..."

"बंद पडली म्हणते ना मी! कुणीतरी धक्का द्या की!"

बँड वाजला. तात्यांनी डिकीवर दोन्ही हात असे टेकले की गाडी थरथरली. शेजारी पदर खोचून वहिनी. आम्ही मांडवापुढून निघालो, देवळावरून गेलो, शाळा मागे पडली. सायली रडता रडता हसत होती. जावई उतरून ढकलायला निघाले तर त्यांना भावकीने परत आत बसवलं. वेशीपाशी माणसं थकून थांबली. पुढे चढ होता.

"ताई," तात्या धापा टाकत म्हणाले, "दे आता किल्ली."

वहिनींनी मूठ उघडली नाही. त्यांची नजर मागच्या काचेतून सायलीच्या डोक्यावरच्या गजऱ्यावर होती आणि दुसरा हात डिकीवरून निघत नव्हता.

"थांब रं वाईच," त्या म्हणाल्या. "अजून थोडं ढकलू दे."