काटा पडला तरी दिवा

नांदेडच्या घरातली फरशी उखडून ठेवली होती, म्हणून मी लातूरला धाकट्या जावेकडे राहायला गेले. मुलगा म्हणाला, महिनाभर धूळ उडेल, तुला दमा लागेल. दमा मला नाही, नुसता खोकला आहे. पण सिमेंटच्या पोत्यांमध्ये बसून राहण्यापेक्षा लातूर बरं. पिशवीत अर्धापूरच्या केळ्यांची फणी होती. चाकूर येईपर्यंत ती उन्हानं काळी पडली.

जाऊ त्या घरात एकटीच असते. दीर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. माझी नात लातूरला कॉलेजात आहे, ती तिच्याकडे बाहेरच्या खोलीत राहते. मी दारातून पाय आत टाकला आणि जाऊ स्वयंपाकघरातूनच ओरडली, "आक्का, जपून! नदीत पाय देशील."

खाली बघितलं तर सतरंजीवर एक मुलूख मांडून ठेवला होता. सहा कोनांचे पुठ्ठे एकाला एक लावलेले, कुठं निळी नदी, कुठं हिरवं रान, कुठं करडे डोंगर. त्यावर बोटाच्या पेराएवढी माणसं उभी. बाजूला पत्त्यांच्या गड्ड्या, लाकडाच्या चकत्या, इवलाली घरं, होड्या.

"हे काय मांडलंय गं?"

"तुझ्या नातीला विचार. झाडू मारायची सोय राहिली न्हाई. खेळ संपल्याबिगर उचलायचा न्हाई, म्हणती."

"संपतो कधी?"

"समुद्र आल्यावर."

एवढं बोलून ती भिंतीला हात लावत, मुलुखाला वळसा घालून माझ्याकडे आली आणि केळी कुठली म्हणून विचारू लागली. भिंतीला हात लावून चालणं मी पाहिलं, पण म्हटलं गुडघे धरले असतील. या वयात कुणाचं काहीतरी धरलेलंच असतं.

रविवारी दुपारी नातीची मैत्रीण आली. लातूरजवळच्या मुरुडची, बोलायला फटकळ. खेळाला चौथा माणूस लागतो म्हणून मला धरून बसवलं.

"यात जिंकतं कोण?" मी विचारलं.

"कुणीच नाही आज्जी. सगळ्यांनी मिळून नदीच्या काठाकाठानं समुद्रापर्यंत जायचं. वाटेत काय काय होतं, ते आपणच सांगायचं."

"मग खेळायचं कशाला?"

"जायला," नात म्हणाली.

प्रत्येकीनं एक माणूस व्हायचं होतं. मला ती वैद्य हो म्हणाली. मी म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांची उस्तवार केली, आता सतरंजीवर बसून तेच करू काय? मी दरोडेखोर झाले. जाऊ आधीपासूनच वाटाडी होती. पालथा पुठ्ठा उलटला, म्हणजे नवा मुलूख आला, की वाटाडीनं फासे टाकायचे आणि पुढं काय दिसतं ते सांगायचं. तिनं सांगेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही.

फाशांवर ठिपके नव्हते. बाजूबाजूला चित्रं कोरलेली, होडी, दिवा, पक्षी, घर, काटा, आणि एक बाजू कोरी. खेळाबरोबरचं पुस्तक इंग्रजीतलं, विटेएवढं जाड. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही मराठीत. पण ही चित्रं मला वाचता आली. फासे दुधी रंगाचे आणि चित्रंही तशीच फिकी. बारीक सामान हरवू नये म्हणून जावेनं आपला जुना मसाल्याचा डबा दिला होता. मोहरीच्या वाटीत शिधा, हळदीच्या वाटीत सोनं. सोन्याला हळदीचा वास यायचा. नदी ओलांडायचं नावेचं भाडं द्यायची वेळ आली की जाऊ न बघता वाटीत बोटं घालायची आणि बरोबर तीच चकती काढायची.

दुपारी पडदे ओढलेले असायचे. पंखा फिरायचा, पत्ते उडू नयेत म्हणून त्यांवर वाटाणे भरलेली पुरचुंडी ठेवलेली. बाहेर उन्हात रिक्षा जायची आणि तिचा आवाज आत येईपर्यंत लांबच्या गावातल्यासारखा व्हायचा. मग नात पुठ्ठा उलटायची आणि विचारायची, "लहान आज्जी, काय दिसतं?"

जाऊ फासे टाकायची, त्यांच्याकडे वाकून बघायची आणि बोलायला लागायची.

"रान सगळं दुधात भिजल्यावानी हाय. लांब एक कंदील दिसतोय. त्याच्या भवती कडी हायती, एकात एक, रंगरंगाच्या. माणसं यायलीत, पण त्यांला तोंड न्हाई. जवळ आल्यावर मग तोंड येतंय, आधी आवाज, मागनं तोंड."

पोरी पुढं सरकून ऐकायच्या. मैत्रीण म्हणायची, "आज्जी, हे तुम्हाला सुचतं कुठून?"

"सुचायचं काय त्यात? दिसतंय ते सांगायले."

एकदा तिनं आकाशात चंद्राच्या मागं अजून एक चंद्र दाखवला, पुसट, जरा सरकलेला. एकदा म्हणाली की समोरच्या डोंगराला कडा नाही, तो हवेतच संपतो. मी जन्मात कधी कुणाला माझं स्वप्न सांगितलेलं नाही. सकाळी कामाच्या वेळी ते ऐकायचं कुणी? पण त्या दिवसांत मला त्या रानाची स्वप्नं पडायची. कमरेला कट्यार बांधून मी नदीच्या काठानं चालते आहे, पायांना जमीन लागत नाही, गुडघे दुखत नाहीत. पुढं जाऊ चालते आहे, तिचं लुगडं तेवढं दिसतं, बाकी पांढरं. जागी झाले तरी ते रान पुरतं जायचं नाही. गंजगोलाईच्या गोल बाजारात भाजी घ्यायला गेले की गोलाईतून फुटणारे रस्ते बघत मी उगीच थांबायची. यातला कुठला अजून उलटलेला नाही, असं मनात यायचं. भाजीवाली म्हणायची, "मावशी, घ्यायचं असल तर घ्या, न्हाईतर सरका."

मग दोरीच्या पुलाचा दिवस आला. दिवा पडला तर पूल पार, काटा पडला तर एकजण खाली. जावेनं फासा टाकला आणि लगेच म्हणाली, "दिवा. चला."

"काटा पडलाय लहान आज्जी," मैत्रीण म्हणाली. "तुम्ही दर वेळी असंच करता. काटा पडला तरी दिवा, कोरा पडला तरी पक्षी. चीटिंग आहे ही."

जाऊ हसली. "बरं बाई, परत टाकते." आणि तिनं फाशासाठी हात पुढं केला. तिच्या बोटांना लाकडाचं घर लागलं. ते तिनं उचललं, मुठीत खुळखुळवलं आणि टाकणार, एवढ्यात तिचा अंगठा घराच्या टोकदार छपरावर फिरला. ती थांबली. मूठ तशीच हवेत.

पोरी फाशाकडे बघत होत्या, तिच्या मुठीकडे नाही. मी बघितलं. कंदिलाभोवतीची कडी, तोंड नसलेली माणसं, दुधातलं रान, सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. ती काही रचून सांगत नव्हती.

मी म्हटलं, "परत कशाला? दिवाच पडला होता. माझा गुडघा लागून फासा फिरला. तुमचं ध्यान कुठं होतं?" मी दरोडेखोर होते; खोटं बोलायला मला मुभा होती. आम्ही पूल ओलांडला.

पोरी बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले, न बोलता. जाऊ गॅसपाशी होती. मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, "आलीस का गं पोरी? दूध आणलंस?"

मी पोरीच्या दुप्पट जाड आहे.

"कवापासून दिसंना झालंय?" मी विचारलं.

तिनं गॅस बंद केला. नुसत्या हातानं बटण शोधलं, पण बरोबर बंद केलं. "दिसतंय की. धुरकट दिसतंय."

"कवापासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून. आक्का, पोराला कळलं तर घराला कुलूप लावून मला पुण्याला नेऊन बसवील. तो टपूनच हाय. तिथं पाचव्या मजल्यावर मी काय करू? खिडकीतनं दुसऱ्याच्या खिडक्या मोजू?"

"मग आंधळी होऊन इथं काय करणार हायस? गॅसवर हात भाजून घेणार?"

"मामींला दिसंना झालं तवा आपण पहिलं काय केलं? चुलीपासून उठवलं. मग किल्ल्या घेतल्या. मग त्या खाटेवर बसल्या त्या बसल्याच."

"हाव," मी म्हटलं. सासूबाईंचं तसंच झालं होतं, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. "त्यांच्या वेळी आपल्याला कुणी काय सांगितलं न्हाई. तुझा मोतीबिंदू हाय. माझे दोन्ही काढलेत नांदेडला. मुंगी चावल्याएवढं बी दुखत न्हाई."

"तुझं काय सांगतीस! तुला काळजात सुई घातली तरी दुखायचं न्हाई."

"माझी फरशी बघायला चल. डोळा करून ये. झाल्यावर पोराला सांगू."

"फरशी बघायला कुणी गावाला जातं का?"

"तुझा पोरगा कवा इचारतो, आई कुठं जायलीस म्हणून?"

तो विचारत नव्हताच.

नातीला मी खरं सांगितलं. ती रडायला लागली. म्हणाली, मला वाटायचं लहान आज्जी किती छान कल्पना करते. मी म्हटलं, रड नंतर, आधी तिच्या पिशवीत टॉवेल भर.

आधी एकाच डोळ्याचं करायचं ठरलं, जो जास्त गेला होता त्याचं. नांदेडच्या दवाखान्यात तिनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. पट्टी काढल्यावर माझ्या घरी आली आणि पहिलं बोलली, "ही कसली गं फरशी निवडली? दवाखान्यावानी." मग पुण्याला फोन झाला. तिचा मुलगा आधी ओरडला, मग म्हणाला, "आता दिसतंय ना? मग राहा लातूरला." कुलपाचा विषय त्यानं काढला नाही. दुसऱ्या डोळ्याचं लगेच करू, असं डॉक्टर म्हणाले, तर ही म्हणाली, बघू. एका डोळ्यानं भाकरी दिसती, बास झालं.

थेंब घालायचे दिवस संपल्यावर मी तिला लातूरला पोचवायला गेले. सतरंजीवर मुलूख तसाच होता, त्यावर नातीनं जुनं लुगडं पांघरलं होतं. लुगडं काढलं आणि जाऊ वाकून बघत बसली. आपला वाटाड्या बोटांत धरून तिनं उलटापालटा केला.

"ही मी?"

"हो," नात म्हणाली.

"ह्याला तर मिशा हायत. आन् एवढंसंच होय सगळं?"

त्या दिवशी खेळ रखडला. पुठ्ठा उलटला की ती सांगायची, नदी हाय, पलीकडं झाड हाय, काटा पडलाय. सगळं बरोबर होतं, आणि कुणालाच पुढं जावंसं वाटत नव्हतं. मलाही नाही. मैत्रिणीनं जांभई दिली आणि मग लाजून तोंडावर हात ठेवला. "आज्जी, पहिल्यासारखं सांगा की," ती म्हणाली. जाऊ खाली मान घालून फाशांवरच्या रेघा बघत राहिली.

शेवटचा पुठ्ठा उरला होता. समुद्र जावेनं पाहिलेला नाही, मीही नाही.

नातीनं पुठ्ठा उलटला. जावेनं फासे उचलले, टाकले आणि मग डाव्या तळहातानं आपला नवा डोळा झाकला. जुन्या डोळ्यानं ती सतरंजीकडे बघू लागली.

"जमीन संपली," ती हळू म्हणाली. "पुढं काय बी न्हाई. पांढरं हाय, पण ते हालायलंय. आभाळ कुठं लागतंय ते कळंना. कुणीतरी लांब उभं हाय, पाण्यातच, गुडघ्याएवढ्या. बाई हाय का खांब हाय ठावं न्हाई. दिवे लागलेत, सगळ्यांला कडी आलीत, कडीत कडी अडकली. चपला काढा. पाय टाका. थंड न्हाई."

पोरी हालल्या नाहीत. मी आपला दरोडेखोर उचलला आणि निळ्यावर ठेवला. मग मुलींनी आपापली माणसं ठेवली. पंख्याखाली आम्ही चौघी तशाच बसून राहिलो. मला खरंच पायाला पाणी लागल्यासारखं वाटलं. पाय सतरंजीवरच होते.

बऱ्याच वेळानं जावेनं तळहात काढला. दोन्ही डोळ्यांनी पुठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आक्का, समुद्र झाला बघून," ती म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याची तारीख घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडला फोन लावला. पुढच्या गुरुवारची मिळाली.