ओदो गुरुजींचं थांबणं

ओदो गुरुजी एक वाक्य सांगायचे आणि वर्गात अंथरलेल्या वाळक्या गवतावर बसलेल्या पोरांच्या लेखण्या थांबेपर्यंत गप्प राहायचे. छापखाने येण्याआधीच्या पॅरिसमध्ये त्यांचं आयुष्य असं शिकवण्यात गेलं. ग्रंथ विकत घेण्याची ऐपत नसलेली पोरं त्यांच्याचकडे येत. तेही एकेकाळी तसलंच पोर होते.

त्या वर्षी गुरुजनांच्या सभेनं ठरवलं, समोर कुणी लिहीतच नाही असं धरून भरभर बोलायचं. जो थांबून थांबून लिहून घेऊ देईल त्याला वर्षभर शिकवायची बंदी. गुरुजींची छाती थंडीआधीच वाजायला लागली होती. शिकवणं गेलं की खोली जाणार, आणि बंदी संपेपर्यंत आपण तगणार नाही, हे त्यांना कळत होतं.

ते घरी भरभर बोलायचा सराव करू लागले. मोलकरीण पेरेत वाटाण्याचं सार ढवळत ऐकायची.

"समजतंय का काही?"

"मला कधी समजत होतं? पण आधी निदान डुलकी तरी लागायची."

तपासणीला सभेतर्फे रेनिए आला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. पोरं रिकाम्या हातांनी बसली होती.

"दौती घरीच ठेवल्यात, गुरुजी," पुढ्यातला तिबो कुजबुजला. "तुम्ही भरभर सुटा आता."

गुरुजी सुटले. दम पुरत होता, शब्द धावत होते. मग त्यांना तिबोचं बोट दिसलं. सवयीनं ते गुडघ्यावर लिहीत होतं आणि मागं पडत होतं. गुरुजी थांबले. बोट थांबल्यावर पुढचं वाक्य घेतलं.

रेनिए उठला. "कुणासाठी थांबलात?"

"खोकला आला त्यांना," तिबो म्हणाला.

"तुला विचारलं नाही."

"पोराचं राहिलं होतं," गुरुजी म्हणाले.

रेनिएनं मान खाली घातली. "मीही असंच लिहून घेतलंय तुमच्याकडून. ते थांबणं मला ओळखू येतं."

बंदी झाली. खोली गेली. धर्मशाळेच्या इस्पितळात एका खाटेवर दोघं, तशी त्यांना जागा मिळाली. तिबो जाऊन बसायचा. गुरुजी डोळे मिटून एक ओळ सांगत आणि थांबत. तिबोकडे कागद नसायचा, तरी तो जरा वेळानं म्हणायचा, "झालं, गुरुजी."

त्याच खाटेवरचा शेजारचा म्हातारा करवादायचा, "अरे, मग सांगा की पुढचं."

एके दुपारी तिबो "झालं, गुरुजी" म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. शेजारच्या म्हाताऱ्यानं गुरुजींच्या नाकाशी हात धरून पाहिला. त्यानं पांघरुणाची आपल्याकडची बाजू गुरुजींवर सरकवली.