आईचा अमेरिकन नट

टीव्हीवर जुना अमेरिकन सिनेमा लागला होता. नायकामागे उभा असणारा तो जाड भुवयांचा नट दिसला आणि आई खुलली. "अरे, मागे गोळी लागून मेला होता ना हा? बरा झाला वाटतं! आणि वकीलही झाला. शिकला हो!" इंग्रजी न कळणाऱ्या आईने त्याच्या साऱ्या भूमिकांचा एकच माणूस केलाय. इतकी वर्षं बघूनही त्याचं नाव मला आज कळलं, पेपरातल्या निधनाच्या चार ओळींत.

बाबा गेले तेव्हा मी तिला तासभर "बरे आहेत" म्हणत राहिलो होतो. ते अजून बोचतं.

"आई, हा गेला गं. खराच."

ती पडद्याकडेच बघत राहिली. "मग त्याचं काम संपेपर्यंत उठू नकोस," म्हणाली.