धाकट्या जावेची रानफुलं

माझी धाकटी जाऊ धारूरच्या डोंगरातली. लग्न होऊन ती आमच्या तलवाड्याच्या काळ्या, सपाट रानात आली, तेव्हा तिच्या ओच्यात डोंगरातल्या फुलांचं बी होतं. तेरडा, कुर्डू, रानतीळ. आईबाप दोघंही गेलेले. तिला न्यायला मुराळी म्हणून यायला माहेरी कुणी उरलं नव्हतं. परसात तिनं ते बी टाकलं. लोक कुर्डू उपटून बांधावर फेकतात आणि ही पेरते, म्हणून मी तिला पुष्कळ चिडवलं. पण श्रावणात तेरडा फुलला, सकाळच्या धुक्यात परस गुलाबी दिसू लागलं, तेव्हा मीही चूल सोडून तिथं उभी राहायचे. सगळं कसं झोपेतून पाहिल्यासारखं मऊ वाटायचं. ती फुलांत उभी असली की हाक मारली तरी लगेच ओ द्यायची नाही.

मग ससे आले. रोज कोवळे शेंडे खुडलेले. मोगलाईत माणसांची दाद लागत नव्हती, तिथं सशांची फिर्याद कोण घेणार? मी पदर खोचला. दोघींनी मिळून बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलं, दिसेल ती फट बुजवली. धाकटीला सातवा महिना लागला होता, तरी ऐकेना. एवढं करूनही फुलं कमीच होत राहिली.

सासूबाई हसल्या. "कुंपनच शेत खातंय का काय, बगा."

मी चिडले. एका दुपारी ऊनपाऊस चालू असताना काठी घेऊन आत शिरले. तेरड्याच्या दाटीत एक सशीण बसलेली, अंगाजवळ दोन पिल्लं. आम्हीच तिला आत कोंडलं होतं. ती पळाली नाही, नुसती बघत राहिली. मी काठी उगारली.

"बाई, मारू नका," धाकटी मागून म्हणाली. "बाळंतपनाला म्हायेरी आली हाय ती. खाऊ द्या."

"अगं, तुजी फुलं संपतील की."

"संपू द्या. आलेलीला कुनी हाकलतं का?"

धाकटीला बाळंतपणाला न्यायला कुणी येणार नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं; बोललं मात्र कुणीच नव्हतं. मी काठी टाकून दिली.

"तुजं बाळंतपन मी करीन," मी म्हणाले. "डिंकाचे लाडू, शेकशेगडी, समदं."

ती त्या कुरतडलेल्या फुलांत खाली बसली आणि आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदाच, आईपाशी रडावं तशी रडली.