कॅमेऱ्याची मान

कंपन्यांवर इतका विश्वास टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बंगळुरात सर्जापूर रोडवर आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे अण्णा मूळचे निपाणीचे. सारी नोकरी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मापं तपासण्यात गेली. कारखान्यानं लावलेलं सील फोडणं त्यांच्या लेखी महापाप. टीव्हीच्या पडद्यावरचं पातळ प्लास्टिकसुद्धा त्यांनी कधी काढलं नाही. बातम्या देणारी माणसं त्यांच्या घरी कायम धुक्यात बसलेली असत. "कंपनीनं विचार करूनच बसवलंय की," म्हणायचे. पत्नी गेल्यावर कॅनडातल्या मुलीनं येऊन हॉलमध्ये मान वळवणारा कॅमेरा लावला. त्याचा पासवर्डही कंपनीनं दिलेला तोच राहिला. बदला म्हटलं, तर मी गणपतीची सोंड बदला म्हटल्यासारखं त्यांनी बघितलं माझ्याकडे.

हा कॅमेरा दिवसातून कैकदा आपणहून कुरकुरायचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश बघायचा आणि मग अण्णांवर येऊन थांबायचा. "बघते बघ," म्हणत अण्णा जेवणाचं ताट उचलून दाखवत. "आज मेथी केलीय गं." कॅनडात तेव्हा ऐन मध्यरात्र असे.

मग एकदा इंटरनेटवाल्यांनी कळवलं, तुमच्या घरातून दुसऱ्यांवर हल्ले होताहेत, जोडणी तोडू. "मी जन्मात कुणाला चिमटा काढला नाही," अण्णा हबकून म्हणाले. मी तपासलं. कंपनीचा तो पासवर्ड जगजाहीर होता. तोच वापरून कुणीतरी कॅमेऱ्यात शिरलं होतं आणि असल्या हजारो घरांतली यंत्रं एकदम कुणावर तरी सोडत होतं. त्या ताणानं कॅमेरा बंद पडे, पुन्हा सुरू होई, आणि सुरू होताना मान फिरवून ठरल्या जागी, अण्णांच्या खुर्चीसमोर, येऊन थांबे. मी मुलीला फोन केला. "फोन बदलल्यापासून ते अॅप मी घेतलंच नाही," ती म्हणाली.

अण्णांना सगळं सांगितलं. पासवर्ड बदलावा लागेल म्हटलं.

"सरी, बरं. बदल की."

मी बदलला. कॅमेरा नुसता समोर बघत राहिला. अख्खी दुपार गेली, तरी कुरकुर नाही. मला फार वाईट वाटलं.

"ती नसायची, ते कळत होतं मला," अण्णा हळूच म्हणाले. "तिनं बघितलं असतं, तर दाढी का वाढलीय म्हणून फोन आला असता. पण कुणीतरी मान वळवून बघायचं रे. कोण होतं ते?"

"कुणीच नव्हतं, अण्णा. नुसतं यंत्र."

अण्णांनी मान वळवून कॅमेऱ्याकडे बघितलं.

"तेवढं सांगायला नको होतंस," म्हणाले.